भोकं बुजवलेली खिडकी : एका जुन्या एमएम ५४० च्या सरकत्या काचांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी महिंद्राची एमएम ५४०, नव्वदच्या दशकातली. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ९१ इंचांचा व्हीलबेस, फोर बाय फोर चालू स्थितीत. मालक राहतात नागपुरात, संत्र्याची बाग काटोल तालुक्यात. डांबरी रस्ता संपला की बागेपर्यंत काळ्या मातीची पांदण आहे आणि एकदा मृगाचा पाऊस पडला की तिच्यात ट्रॅक्टर आणि ही जीप सोडून काही चालत नाही. म्हणून गाडी ठेवलेली. हौस आहेच, पण हौसेपेक्षा गरज जास्त.

मूळ गाडी ताडपत्रीच्या हुडची. आधीच्या मालकाने तिच्यावर पत्र्याचं हार्ड टॉप बांधून घेतलं होतं आणि, हे विशेष, आरसी बुकात तशी नोंदही करून घेतली होती. असं करणारे थोडेच. टॉपच्या दोन्ही बाजूंना मागे एकेक लांब खिडकी, दोन दरवाजांच्या वरच्या भागात एकेक. चारही खिडक्या सरकत्या काचांच्या: अ‍ॅल्युमिनियमचं दुहेरी चॅनल, आत फेल्ट (दाबलेल्या लोकरीची पट्टी), दोन काचा एकमेकींवर थोड्या चढलेल्या. काच खाली उतरवायची यंत्रणा बसवायला या दरवाजांच्या पत्र्यात जागाच नसते, त्यामुळे जुन्या जीपवर सरकती काच हाच सोपा मार्ग होता. बांधणारा बस बॉडीतला कारागीर असावा. रिव्हेटची ठेवण तशी दिसत होती.

मी बॉडी रिपेअरिंग शिकवतो. मालक ओळखीचे. कामठी रोडच्या बाजूला ज्या मिस्त्रींकडे गाडी जाते, त्यांचा आणि मालकांचा एका गोष्टीवरून खटका उडाला तेव्हा मला मधे घातलं गेलं. ती गोष्ट अशी, की याच खिडक्यांवर एकदा खर्च होऊन गेला होता आणि त्यानंतर गळती वाढली होती.

तक्रार काय होती

तक्रारी चार होत्या आणि मालक त्या एका दमात सांगायचे, जणू एकच आहे. पावसात पाणी आत येतं. काचा खडखडतात. धूळ येते. आणि काच सरकवायला दोन हात लागतात.

या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी निघाली, आणि मला वाटतं या प्रकरणात पहिला खरा निर्णय हाच होता: चारही एकदम सोडवायच्या नाहीत, आधी पाणी. धुळीने माणूस वैतागतो. पाण्याने गाडी जाते. मागच्या खिडकीखालचं आतलं प्लायवूड काढून पाहिलं तर हार्ड टॉप जिथे बॉडीच्या कडेवर बोल्टने बसतं, त्या सांध्यात पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत जात होता. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर पांढरी भुकटी धरलेली. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मधे ओल टिकून राहिली, की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. इथे ओल टिकली होती म्हणजे पाणी नुसतं येत नव्हतं, साचत होतं.

मागच्या बाकावर बसणाऱ्या ताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "गाडी उभी असली तर दोन्हीकडून गळते. चालत असली की उजवीकडूनच अंगावर येते." मालकांनी हे कधी लक्षात घेतलं नव्हतं, कारण ते पुढे बसायचे. पुढच्या सगळ्या शोधाची दिशा त्या एका वाक्याने ठरली.

पाण्याचा माग

आतलं प्लायवूड आणि रेक्झिन उतरवलं. खिडकीखालच्या उघड्या पत्र्यावर कोरडी रांगोळी भुरभुरवली. मग एकाने बाहेरून बागेच्या नळीने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत बसून बघायचं. यात पथ्य एकच: पाणी खालून सुरू करायचं. आधी खिडकीच्या खालची कड, थोडा वेळ थांबायचं, मग बाजू, मग मधला चढाव, म्हणजे जिथे दोन काचा एकमेकींवर चढतात ती जागा, सगळ्यात शेवटी वरचं चॅनल. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून उतरतं आणि कुठून आलं ते कळत नाही. रांगोळीचा उपयोग असा, की थेंब कुठून निघाला आणि कुठे गेला त्याची रेघ तशीच राहते.

खालच्या कडेवर पाणी मारून काही झालं नाही. बाजूंनीही नाही. खालचं चॅनल मात्र भरत गेलं, काठोकाठ झालं आणि आतल्या बाजूने ओसंडून रांगोळीवर एक रुंद पट्टा उमटला. चॅनलला निचरा नव्हताच. टॉर्च लावून बाहेरून पाहिलं तर निचऱ्याची भोकं होती, प्रत्येक चॅनलला तीन. सगळी सिलिकॉनने बुजवलेली.

मागच्या दुरुस्तीत हे झालं होतं. ती वेगळ्या गॅरेजात झाली होती. तिथल्या पोराने "भोकातून पाणी येतं" असं समजून भोकं बंद केली. तसं वाटणं स्वाभाविक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला खिडकीखालचं भोक म्हणजे चूकच दिसते. आमच्या मिस्त्रींनी नखाने एक गोळी उकरून काढली आणि म्हणाले, "भोकं बुजवली कायले? पानी जाईन कुठून मंग?"

सरकती खिडकी पाणी पूर्णपणे कधीच अडवू शकत नाही. काच सरकायची तर तिच्या दोन्ही बाजूंना फट लागते, फेल्ट ओलं होतं, पाणी खालच्या चॅनलमध्ये उतरतं. उतरणारच. त्यामुळे खालचं चॅनल ही पन्हाळ धरून बांधायची असते: आतली भिंत उंच, बाहेरची ठेंगणी, आणि बाहेरच्या भिंतीत पाण्याला वाट. इथे दोन्ही भिंती सारख्या उंचीच्या होत्या. भोकं उघडी असेपर्यंत ते चालून गेलं. भोकं बुजली आणि खिडकीचं टाकं झालं.

उभ्या गाडीची गळती कळली. चालत्या गाडीत उजवीकडूनच का येतं, ते अजून बाकी होतं.

याचं उत्तर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे बाहेरून आळीपाळीने पाहिल्यावर मिळालं. डाव्या बाजूला पुढची काच बाहेरच्या ट्रॅकमध्ये होती आणि मागची आतल्या. म्हणजे चढावाची उघडी कड मागच्या दिशेला. वारा आणि पाऊस पुढून मागे जातात, त्यामुळे पाणी त्या कडेवरून घसरून जातं. कौलं लावताना वरचं कौल खालच्यावर चढवतात, तसंच हे. उजव्या बाजूला उलटं होतं: मागची काच बाहेर, तिची कड थेट वाऱ्याच्या तोंडाला. कारागिराने दोन्ही खिडक्या एकाच मापाने, एकसारख्या बनवल्या होत्या. पण गाडीची उजवी बाजू ही डावीची आरशातली प्रतिमा असते. सारखी फ्रेम दुसऱ्या बाजूला लावली की पुढचं मागे होतं. ताशी ६० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब साधारण १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका भरतो. गाडीच्या कुशीला तो कमी लागतो, तरी उलट्या कडेच्या फटीत पाणी ढकलायला पुरतो.

हे निदान पैसे न घालता तपासता येण्याजोगं होतं. उजव्या बाजूच्या काचा काढून ट्रॅक बदलून बसवल्या, पुढची बाहेर, मागची आत. लॅच जुळेना, म्हणून कापडाची घडी खोचून काच रोखली. पाऊस सुरू असताना अमरावती रोडवर वाडीच्या पुढपर्यंत फेरी मारली. ताई मागे बसल्या होत्या. अंगावर येणारं पाणी थांबलं होतं. चॅनल ओसंडत होतं ते होतंच.

समोरचे पर्याय

मिस्त्रींचा पहिला सल्ला सगळ्यात स्वस्त होता. भोकं मोकळी करा, उजवीकडच्या काचा बदलून टाका, नवं फेल्ट भरा, संपलं. माझ्या मते हा सल्ला वाईट नव्हता. दरवाजांच्या खिडक्यांपुरता तर तोच बरोबर होता आणि शेवटी तिथे तेच केलं. पण मागच्या फ्रेमभोवतीचा पत्रा खालून गेला होता. तो बदलायचा तर फ्रेम काढावीच लागणार, आणि झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट काढताना तुटणार हे उघड होतं.

दुसरा पर्याय मालकांच्या मेहुण्यांनी आणला. घराच्या खिडक्या करणारा अ‍ॅल्युमिनियमवाला. टू ट्रॅक सेक्शन (दोन खाचांची तयार पट्टी), वूल पाइल (केसाळ पट्टी), खाली बेअरिंग, दिसायला चकचकीत आणि दोन दिवसांत तयार. हा पर्याय मी ठामपणे नको म्हटला. घराची भिंत हलत नाही. पांदणीत जीपचं हार्ड टॉप पिळतं, कोपऱ्यात काटकोनात जोडलेला सेक्शन तिथे उघडतो आणि पाणी नेमकं त्याच सांध्यातून आत शिरतं. बेअरिंगवरची काच खडखडते ते वेगळंच. सगळ्यात वाईट म्हणजे तो माणूस साधी काच लावणार होता. साधी काच फुटली की तिचे सुरे होतात.

तिसरा पर्याय म्हणजे मागच्या खिडक्या बंदच करायच्या, काच रबराच्या गॅस्केटमध्ये कायमची बसवायची. गळतीचा विषय संपला असता. मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीत मागे बसणाऱ्याचाही विषय संपला असता. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. त्या उन्हात पत्र्याच्या बंद डब्यात कोण बसणार? पुढून बिजागरीवर किंचित उघडणारी काच हा मधला मार्ग होता, पण पांदणीतल्या बाभळीच्या फांद्या बाहेर आलेली काच ठेवतील असं कुणालाच वाटलं नाही.

चौथा पर्याय बस बॉडीवाल्यांकडची गोल कोपऱ्यांची फ्रेम. एकाच लांब पट्टीला वाकवून केलेली, तिला सांधा एकच. तो सांधा कुठे ठेवायचा हे सांगावं लागतं. न सांगितल्यास वाकवणारा त्याच्या सोयीने ठेवतो आणि बऱ्याचदा तो खाली येतो, जिथे पाणी साचतं. आम्ही तो वर मागितला. हाच पर्याय निवडला, पण आतली भिंत २० मिलिमीटर उंच असलेलं सेक्शन मिळेपर्यंत थांबलो. मालकांना ही वाट पाहणं आवडलं नाही. पाऊस सुरू होता, गाडी ताडपत्री टाकून उभी होती आणि बागेत मृग बहाराची कामं अडली होती. मिस्त्री रोज विचारायचे, "भाऊ, सारख्या उंचीचं मिळते ना, तेच लावून टाकू का?" ताण खरा होता. तरीही थांबणं योग्य होतं असं मला आजही वाटतं. आतली भिंत नंतर वाढवता येत नाही.

काच की पॉलिकार्बोनेट

यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, त्यामुळे थोडं सविस्तर.

जुन्या काचा साध्या निघाल्या. कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सेफ्टी ग्लासच्या भारतीय मानकाचा, शिक्का नव्हता. दुसरी खूण म्हणजे पोलराइज्ड गॉगल लावून तिरप्या उजेडात टफन (भट्टीत तापवून कणखर केलेल्या) काचेकडे पाहिलं, की तिच्यात करडे ठिपके किंवा पट्टे दिसतात. इथे काही दिसलं नाही. इतकी वर्षं ताई त्या काचेला डोकं टेकून बसत होत्या.

मालकांचा कल पॉलिकार्बोनेटकडे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक कडक प्लॅस्टिककडे होता. ऑफ-रोड गाड्यांवर ते पाहिलेलं, फुटत नाही, वजन निम्मं. ५५० बाय ३५० मिलिमीटरची ४ मिलिमीटर जाडीची काच साधारण १.९ किलो भरते, तेवढंच पॉलिकार्बोनेट एक किलोच्या आत. शिवाय ते कटरने जागेवर कापता येतं, माप चुकलं तरी घासता येतं. मुद्दे खरे होते. पण विरुद्ध बाजूला तीन गोष्टी होत्या.

एक, ऊन. पॉलिकार्बोनेट काचेच्या सातपटीच्या आसपास प्रसरण पावतं. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला ६५ अंश धरले, तर अर्ध्या मीटरच्या तुकड्यात जवळपास २ मिलिमीटरचा फरक पडतो. काचेत पाव मिलिमीटर. चॅनल सैल ठेवलं तर हिवाळ्यात खडखड, घट्ट ठेवलं तर उन्हाळ्यात अडकणं. खडखड आणि अडकणं याच तर मालकांच्या दोन तक्रारी होत्या.

दोन, धूळ. फेल्टमध्ये पांदणीची धूळ बसते आणि प्रत्येक सरकवण्यात ती पृष्ठभागावर घासली जाते. काचेला फारसं काही होत नाही. प्लॅस्टिकवर एका मोसमात आडव्या रेघांचं धुकं चढतं. वर गॅरेजात पुसायला जे हाताशी येतं ते थिनर असतं, आणि थिनरने पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा जातात.

तीन, नियम. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० खिडक्यांना मानकाप्रमाणे सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंग मागतो. अ‍ॅक्रिलिक किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची सूट तिथे आहे ती तीनचाकींना आणि हुड व साइड कव्हर असलेल्या गाड्यांना. गाडी ताडपत्रीची राहिली असती तर प्लॅस्टिक चाललं असतं. आरसीवर हार्ड टॉप आहे, म्हणून काच. नोंद करून घेण्याचा आधीच्या मालकाचा नीटनेटकेपणा इथे आडवा आला म्हणायचा.

टफन काच ठरली. तिचा स्वभाव मालकांना आणि मिस्त्रींना दोघांनाही समजावून सांगावा लागला: काच कापणं, कडा घासणं, लॅचसाठी भोक पाडणं, सगळं आधी. मग ती भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यानंतर तिच्यावर ड्रिल टेकवला की ती खड्यांचा ढीग होते. एक मिलिमीटरसुद्धा कमी करता येत नाही.

कागदपत्रं

इथे फार वेळ गेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं, ज्यांनी नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने दिलेली मूळ रचना यांत तफावत पडेल. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक भूमिका घेतली. म्हणून खिडकीचं भोक वाढवायचं नाही, टॉपची उंची बदलायची नाही, आहे त्याच जागी तेवढीच खिडकी, असं आधीच ठरवलं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुढे न्यायची असते. तेव्हा निरीक्षकासमोर उभं राहून खुलासे करण्यापेक्षा हे बरं.

मालकांना काळी फिल्म हवी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासून ती चलानाला आमंत्रण आहे. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के. मुळातच हिरवट झाक असलेली काच घेतली.

प्रत्यक्ष काम

गेलेला पत्रा कापून नवा जोडला, वेल्डिंगच्या जागी इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. फ्रेम आणि पत्रा यांच्या मधे रबरी टेप, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला थेट टेकत नाही. रिव्हेट मारण्याआधी प्रत्येक भोकाच्या कडेला ब्रशने प्रायमर. हे मिस्त्रींना वेळखाऊ वाटलं आणि त्यांनी ते पोराकडून करून घेतलं. पोराने मन लावून केलं.

सीलंटवरून पुन्हा एकदा थांबावं लागलं. हार्डवेअरच्या दुकानातून आलेली सिलिकॉनची ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. हे सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं. बाथरूमच्या टाइल्सना चालतं, उघड्या पत्र्याला खातं. जुन्या फ्रेमखाली हेच निघालं होतं. ते परत करून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणलं.

निचऱ्यासाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा केल्या, साधारण ५ बाय २० मिलिमीटरच्या. जुनी भोकं ३ मिलिमीटरची होती. इतक्या बारीक भोकात पाणी थेंब धरून बसतं, खाली पडत नाही, आणि धुळीच्या पहिल्या चिखलानेच ते बंद होतं. खाचांवर बाहेरून मागच्या दिशेला तोंड असलेली छोटी पत्र्याची टोपी. उजवी फ्रेम डावीच्या आरशाप्रमाणे, दोन्हीकडे पुढची काच बाहेर.

सरकणारी काच कोणती, यावरही बोलणं झालं. मागची सरकवली तर उघडी जागा गाडीच्या शेपटाजवळ येते. डब्यासारख्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळत राहतो. म्हणून पुढची काच सरकती ठेवली, मागची पक्की.

अडलं ते मापात. सरकती काच बसवताना वरच्या खोल चॅनलमध्ये आधी उचलून घालायची आणि मग खालच्या उथळ चॅनलमध्ये सोडायची. नव्या फ्रेममध्ये वरचं चॅनल १८ मिलिमीटर खोल, खालचं ९, मधली मोकळी उंची ३३०. काच ३४८ पेक्षा उंच असली तर ती आत जाणारच नाही. ३४५ ची केली की खाली सोडल्यावर वर ६ मिलिमीटर पकडीत राहते आणि धक्क्याने निसटत नाही. मिस्त्रींनी माप नव्या फ्रेमवरून न घेता जुन्या काचेवरून दिलं: ३४९. टफन होऊन आलेल्या दोन्ही सरकत्या काचा भिंतीला टेकवून ठेवाव्या लागल्या. पुन्हा ऑर्डर, पुन्हा वाट. मालक त्या दिवशी काही बोलले नाहीत. चहाही घेतला नाही.

लॅचसाठी काचेत भोक न पाडता चिमटा पद्धतीची पकड घेतली. रात्री चॅनलमध्ये लाकडी पट्टी टाकून काच रोखायची जुनी सवय मात्र सोडायला लावली. ओली पट्टी निचऱ्याच्या खाचांवरच पडून राहते.

निष्पत्ती

पोळ्याच्या आसपास जोराचे पाऊस झाले. मागच्या दोन्ही खिडक्यांखालचं प्लायवूड मुद्दाम बसवलं नव्हतं, म्हणजे पत्रा दिसत राहील. कोरडा राहिला. चालत्या गाडीतही पाणी आलं नाही. टोप्यांमधून पाणी टपकताना बाहेरून दिसतं, आणि पाहणारा प्रत्येक जण मालकांना सांगतो की तुमची खिडकी गळतेय.

दरवाजांच्या खिडक्यांत फेल्ट बदललं, भोकं खाचांइतकी मोठी केली, काचा टफन घातल्या आणि उजवीकडच्या काचांचा चढाव सुलटा केला. पाणी थांबलं, खडखड पूर्ण गेली नाही. जुनं चॅनल रुंद झालंय, फेल्ट त्याला पुरतं भरत नाही. सरकवणं सोपं झालं, कारण चॅनलमधलं जळकं ऑइल आणि धूळ यांचं लेपण खरवडून काढलं. आता तिथे तेल घालायचं नाही, फक्त कोरडा सिलिकॉन स्प्रे.

धूळ मात्र जवळपास तेवढीच आहे. मागच्या दाराच्या कडेला आतून लोकरीचे धागे चिकटवून पांदणीत गाडी चालवली तेव्हा सगळे धागे आत वळले. चाकांनी उडवलेली धूळ मागच्या कमी दाबात गोळा होते आणि दाराच्या फटीतून आत ओढली जाते. खिडक्यांचा यात वाटा थोडा होता. मालकांना हे पटायला जड गेलं, कारण खिडक्यांवर खर्च करताना धूळही जाईल असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण जाणार नाही, असंही सांगितलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

धाग्यांची चाचणी सगळ्यात आधी करायला हवी होती. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. चारपैकी एक तक्रार खिडकीची नाहीच हे पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि मालकांनी पैशांची वाटणी कदाचित वेगळी केली असती.

काचेचं माप पाठवण्याआधी हार्डबोर्डचा तुकडा कापून फ्रेममध्ये उचलून, सोडून, सरकवून पाहायचा. हे टफन काचेच्या प्रत्येक कामात सक्तीचं असावं. शिवाय खिडकीचे दोन्ही कर्ण मोजायचे. जुन्या हार्ड टॉपचं भोक क्वचितच काटकोनात असतं आणि या गाडीतही डाव्या बाजूला कर्णांत फरक होता. तो गोल कोपऱ्यांच्या फ्रेमने निभावून नेला.

दरवाजांच्या जुन्या फ्रेम ठेवण्याचा निर्णय वादाचा आहे. मिस्त्री अजून म्हणतात की तेव्हाच बदलायला हव्या होत्या, मजुरी एकदाच लागली असती. माझं मत उलट आहे. तिथला पत्रा चांगला होता, आणि चांगल्या पत्र्यात नवी रिव्हेटची भोकं पाडणं म्हणजे गंजाला नवी दारं. खडखड सहन होण्यासारखी आहे.

पावसाळ्याच्या ऐन मध्यात काम काढणं ही अडचण होती, पण त्यावर उपाय सुचत नाही. उन्हाळ्यात काढलं असतं तर पावसातली फेरी कशी मारणार होतो?

मागच्या दाराचं रबर बदलायचं राहिलं आहे. दार खालच्या डाव्या कोपऱ्यात आत दबलेलं आहे, त्यामुळे नुसतं जाड रबर लावलं तर बिजागऱ्यांवर ताण येईल. आधी डेंटिंग करायचं की दारच बदलायचं, यावर मालक आणि मिस्त्री यांचं अजून एकमत झालेलं नाही.